जाळीची सावली

पश्चिम मांबलम, चेन्नई
४ फेब्रुवारी २०२५

शेषाद्री,

मोठ्या बहिणीने पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहायचे असतात. ते मी राखून ठेवते. आधी कामाचे.

काल खालच्या मजल्यावरच्या तुळसीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "अक्का, तुमचा फोटो! सगळ्या ग्रुपवर फिरतोय. किती स्वच्छ आलाय बघा." फोटो आवडी गावच्या मैदानावरच्या अंतिम सामन्याचा. तुझ्या लेकीचा, संयुक्ताचा पाय हवेत, कोवलमच्या संघाची गोलकीपर खांबाला चिकटलेली, आणि चेंडू तिच्या खांद्याशी, गोलच्या आत. खाली छापले आहे, छायाचित्र: विद्यालक्ष्मी राव.

मी तो फोटो काढला तेव्हा त्यात जाळी होती.

त्या दिवशी काय झाले ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, म्हणजे मागाहून "अक्का, मला वाटलं" असे म्हणायला जागा राहणार नाही. उपांत्य सामन्यात एका फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर चेंडू बसला, म्हणून अंतिम सामन्याला स्पर्धेच्या समितीने आम्हा सगळ्यांना गोलपासून लांब, दोरीच्या मागे बसवले. मी इतकी वर्षे गोलच्या बाजूला बसून, भिंग जाळीच्या घरात घालून फोटो काढत आले. भिंग जाळीला भिडले की दोर दिसत नाहीत, जाळी विरघळून जाते. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी बाई मैदानावर कशाला येते असे विचारणारे लोक पुढे म्हणू लागले, विद्यालक्ष्मी मॅडमच्या फोटोत जाळी नसतेच. त्या दिवशी दोरीमागून ते जमणार नव्हते. मी तक्रार केली. समितीचे अध्यक्ष इळंगोवन सर यांनी हात जोडले. मी बसले.

सामना संपत आला असताना संयुक्ताने माझ्या बाजूने चेंडू मारला. तो बाजूच्या जाळीला बाहेरून लागला. जाळी फुगली आणि तुझ्या शाळेची सगळी मुले "गोल" म्हणून उठली. तू त्यांचा प्रशिक्षक, तू सगळ्यांच्या आधी उठलास. रेफरी लांब होता, मधे खेळाडू होते. त्याने सरळ गोलकीपरलाच विचारले, आत की बाहेर? ती म्हणाली, बाहेर. त्याने तिचा शब्द मानला. पुढे पेनल्टीवर कोवलम जिंकले.

संध्याकाळी तुझ्या घरी कॉफी घेताना मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्रे बघत होते. वाईट चित्र मी तिथल्या तिथे पुसते. त्या एकावर बोट ठेवले तेव्हा तू म्हणालास, "अक्का, राहू दे. संयूचा पाय बघ काय उठलाय." मी म्हटले, "सगळ्यांच्या तोंडावर दोर आलेत. आणि चेंडू जाळीच्या अलीकडे, माझ्या बाजूला. याचं काय करायचंय?" तू म्हणालास, "मला हवाय." मी कार्ड तुझ्या संगणकाला लावले, चित्रे तुला दिली आणि कार्ड रिकामे केले. जाळीसकट ते चित्र आता एकाच ठिकाणी आहे. तुझ्याकडे.

चेंडू अलीकडे आहे हे मी तोंडाने बोलले होते, शेषाद्री. तू ऐकले होतेस.

तुझ्या शाळेने तक्रारीला तो जाळी पुसलेला फोटो जोडला. समितीने निकाल फिरवला, चषक तुम्हाला दिला. रेफरीशी खोटे बोलली म्हणून त्या मुलीचे नाव राज्य शिबिराच्या यादीतून काढले. आरोक्यमेरी तिचे नाव. त्याच यादीत संयुक्ताचे नाव आले. शिबिर मार्चच्या आरंभी सुरू होते आहे.

मूळ चित्र इळंगोवन सरांना पाठव. चूक झाली एवढे लिही. कुणाच्या बोटाने झाली हे मी विचारणार नाही. शुक्रवारपर्यंत वाट बघते.

फोनवर तू "अक्का, मग बोलू" म्हणतोस, म्हणून टपालाने लिहिते. मराठीत लिहिण्याचे कारण वेगळे आहे. अम्माने पाटीवर शिकवलेली ही अक्षरे तुझ्या घरात वाचणारा तू एकटा. कामाक्षी आणि संयुक्ता बोलतात, वाचत नाहीत. तेवढा आडोसा मी तुला देते आहे.

अक्का

पश्चिम मांबलम
१२ फेब्रुवारी २०२५

शेषाद्री,

शुक्रवारी काही आले नाही. रविवारी तू आलास. बायकोला घेऊन आलास, म्हणजे मी तोंड उघडणार नाही. शिवाय अर्धा किलो ताजी कॉफी पूड.

कामाक्षीला काही ठाऊक नाही हे मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखले. म्हणाली, "अक्का, संयूच्या शिबिराचं तुमच्याच फोटोनं झालं." आणि पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. तिला वाटले माझा गुडघा दुखतो. "तेल लावता की नाही?" असे विचारून तिने तुला दटावलेसुद्धा, "बघा, अक्कांकडे कुणाचं लक्ष नाही."

मग ती खाली तुळसीकडे गेली आणि तू जिन्यात थांबलास. तू काय म्हणालास ते मी शब्दाला शब्द लिहिते.

"अक्का, एक जाळीच तर पुसली. तू आयुष्यभर दुसरं काय केलंस? तू भिंगानं घालवलीस, मी बोटानं घालवली."

मी म्हटले, "ती पोर खोटारडी ठरली."

तू म्हणालास, "ती पुढच्या वर्षी जाईल गं. वय आहे तिला. संयूचं हे शेवटचं वर्ष."

खालून कामाक्षीने हाक मारली आणि तू उतरलास. जिन्यात द्यायचे राहिलेले उत्तर आता देते.

आवडीच्या क्वार्टर्समागचे मैदान आठव. मुलींना फाटकातून आत सोडत नसत. तू आत खेळायचास आणि मी बाहेर, अप्पांचा कॅमेरा तारेच्या कुंपणाला लावून उभी. फिल्म धुऊन आली की प्रत्येक चित्रात तुझ्या छातीवरून तार गेलेली. मी रडले नाही, पण जेवलेही नाही. दुसऱ्या दिवशी तू अप्पांच्या पेटीतली पक्कड आणलीस आणि माझ्या डोळ्याच्या उंचीला कुंपणाचा एक वेढा कापलास. चौकीदाराने तुझा कान धरून तुला अप्पांसमोर उभे केले. का कापलेस, असे अप्पांनी विचारले. तू म्हणालास, "अक्काला नीट दिसत नव्हतं." तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. त्यानंतर मी जेवढे फोटो काढले ते त्या भोकातून काढले असे मी मानत आले.

तर हे उत्तर. कुंपण जिथे होते तिथेच राहिले. मी त्यातून बघितले. आतले आत दिसले आणि बाहेरचे बाहेर. कुणी कुठे उभे होते, चेंडू कुठे होता, यातले काही मी हलवले नाही. उन्हात बसले, पावसात छत्री कॅमेऱ्यावर धरून स्वतः भिजले, मधे उभ्या राहणाऱ्या पुढाऱ्यांना बाजूला व्हा म्हणून सांगितले, शिव्या खाल्ल्या. हे सगळे बटण दाबायच्या आधी करायचे असते. नंतर करायचे ते दुसरे काम आहे, आणि त्याच्याखाली माझे नाव घालायचे नसते.

काल मी कोवलमला गेले. बसमधून उतरून किनाऱ्यापर्यंत चालले. मुली वाळूवर सराव करत होत्या. दोन बांबू रोवलेले, आणि मागे मासेमारीचे जुने जाळे बांधलेले. आरोक्यमेरी कोणती हे विचारावे लागले नाही. चेंडू अडवून ती बाकीच्या मुलींवर ओरडत होती.

मला बघून म्हणाली, "तुम्हीच का त्या फोटोवाल्या पाटी?"

"पाटी म्हणू नकोस," मी म्हटले. मला कुणी आजी म्हटलेले चालत नाही, तुला ठाऊक आहे.

"मग काय म्हणू? तुमच्या फोटोनं माझं शिबिर गेलं. पाटी म्हटलं ते बरंच म्हणायचं. मनात दुसरंच येतंय."

मुली हसल्या. ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, खोटंच बोलायचं असतं तर पहिल्या अर्ध्या खेळात रेफरी गोलकिक देत होता, तेव्हा माझा हात लागलाय, समोरच्यांना कॉर्नर द्या, असं मी कशाला सांगितलं असतं? तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता गावातली पोरं मला बघून जाळ्यात हात घालतात आणि चेंडू बाहेर काढून दाखवतात. असा." तिने जाळ्यात हात घालून दाखवले. मागे बसलेली तिची आई जाळे विणता विणता थांबली आणि दुसरीकडे बघू लागली.

मग मुलीने मला विचारले, "तुम्ही तिथंच होतात. तुम्ही बघितलंत. मग?"

माझ्यासमोर शाळेत हजारो मुली उभ्या राहिल्या. कुणी मला असे विचारले नव्हते, आणि विचारले असते तर मी बाहेर उभे केले असते. मी म्हटले, "सोमवारी समितीची बैठक आहे. मी येते."

बैठकीआधी मूळ चित्र पाठवलेस तर मी येण्याची गरज पडणार नाही. भावाविरुद्ध बोलायला मला आवडणार नाही. पण मी बोलेन.

कॉफी पूड परत पाठवली नाही, कारण कामाक्षीने दिली होती.

अक्का

पश्चिम मांबलम
१७ फेब्रुवारी २०२५

श्री. शेषाद्री राव यांस,

आज समितीपुढे आपण माझ्याविषयी जे बोललात ते मी इथे उतरवून ठेवते. उद्या आपण ते बोललोच नाही असे म्हणाल, अशी मला आता शंका येऊ लागली आहे.

इळंगोवन सरांनी मला विचारले, "मॅडम, जाळी दिसणारं मूळ चित्र तुमच्याकडे आहे का?" मी नाही म्हटले. ते कुणाकडे आहे तेही सांगितले. त्यांनी आपल्याकडे बघितले. आपण म्हणालात, "असं कुठलंच चित्र नाही सर. हेच मूळ आहे."

सर म्हणाले, "पण दोरी होती. मॅडम जाळीपर्यंत कशा पोचल्या?"

आपण हसलात. "सर, अक्का आणि दोरी? शेवटी शेवटी ती सरकत सरकत पुढं गेली होती. नेहमीसारखी." सगळे हसले. बेचाळीस मुलींच्या वर्गात मी कधी उशिरा गेले नाही, कधी रांग मोडली नाही, कधी दोरी ओलांडली नाही. आणि सगळे हसले, कारण ते गमतीचे होते आणि सोयीचेही होते.

मी म्हटले, "मी दोरीमागे होते."

तेव्हा आपण माझ्या दंडावर हात ठेवलात. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालात, "सर, अक्काचा गेल्या वर्षी मोतीबिंदू काढलाय. वय झालंय. हल्ली विसरते. भिंग जाळीत होतं की नव्हतं, तिला कसं आठवणार? तिच्यावर रागावू नका."

रागावू नका!

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आपण बसून होतात. महिनाभर रोज संध्याकाळी आवडीहून लोकलने येऊन त्या डोळ्यात थेंब आपणच घालत होतात. मान मागे कर, अक्का, हलू नकोस, असे म्हणत होतात. मी हलत नव्हते. पट्टी काढल्यावर मी पहिल्यांदा काय बघितले तर आपला चेहरा, आणि आपण विचारले होते, "स्वच्छ दिसतंय?" मी हो म्हटले होते. ते आपण इतके दिवस जपून ठेवले होते, आणि ते आज कामी आले.

फोटो पुसला हे मी एक वेळ बापाचे वेडे प्रेम म्हणून समजून घेतले असते. माफ केले नसते, पण समजून घेतले असते. आज आपण मला पुसलेत.

माझ्या बोलण्यावर समितीने विश्वास ठेवला नाही. इळंगोवन सर जिन्यापर्यंत सोडायला आले, "सांभाळून उतरा मॅडम" म्हणाले. आरोक्यमेरी फाटकाशी उभी होती. तिला काही सांगावे लागले नाही. ती म्हणाली, "असू दे पाटी." या वेळी मी तिला टोकले नाही.

मी समितीकडून फोटोची मोठी प्रत मागून आणली आहे. ठेवा आठवण म्हणून, असे तिथला कारकून म्हणाला. घरी येऊन ती खिडकीशी धरली आणि दोन्ही डोळ्यांनी बघितली, ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या.

गोलकीपरच्या पिवळ्या जर्सीवर चौकड्या आहेत. खांद्यापासून कमरेपर्यंत, बारीक, करड्या. आपल्या ते लक्षात आले नाही. समितीच्याही आले नाही. सगळ्यांना तो कापडावरचा नमुना वाटला असणार.

मी कोवलमला फोन करून जर्सी कशी आहे ते विचारले. साधी पिवळी आहे. तिच्यावर काहीही नाही.

विद्यालक्ष्मी राव

पश्चिम मांबलम
२३ फेब्रुवारी २०२५

शेषाद्री,

काल तू मैदानाच्या फाटकाबाहेर उभा होतास. आत येण्याचा निरोप समितीने तुला दिला होता. तू आला नाहीस. म्हणजे तुला अर्धे दिसले असेल आणि ऐकू काहीच आले नसेल. म्हणून लिहिते. पुन्हा तू म्हणते, कारण आपण म्हणायला मला फार श्रम पडतात.

मी इळंगोवन सरांना एवढेच सांगितले होते की मला आठवते की नाही हे सोडून द्या. फोटोलाच विचारू. त्याच मैदानावर, सामना संपला त्याच सुमाराला, त्याच गोलशी या. जाळी तीच बांधा. आरोक्यमेरीला तीच जर्सी घालून आणा. ते म्हणाले, "मॅडम, फिजिक्सचा तास घेताय काय?" मी म्हटले, "हो. वेळेवर या."

वेळेवर आले. समितीचे पाचही जण आले. कोवलमच्या चार-पाच मुली आल्या. आणि संयुक्ता आली. तिला मी बोलावले नव्हते. ती शाळेच्या गणवेशात, दप्तरासकट, एका बाजूला उभी राहिली.

ऊन माझ्या पाठीमागून येत होते, सामन्याच्या दिवशी आले तसे. मी आरोक्यमेरीला खांबाशी उभे केले, खांदा जाळीला जवळजवळ टेकलेला. तिची जर्सी साधी पिवळी, सगळ्यांनी हात लावून बघितली. ती जागेवर उभी राहिली आणि जाळीचे दोर तिच्या अंगावर उतरले. खांद्यापासून कमरेपर्यंत, करड्या चौकड्या. फोटोत होत्या तशाच.

एक सदस्य म्हणाले, "अरे! ही तर सावली आहे."

मी म्हटले, "होय. जाळी पुसणाऱ्याने दोर पुसले, दोरांची सावली पुसायची राहिली. भिंग जाळीच्या घरात असले तरी सावली पडते, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. सावलीवरून मी दोरीमागे होते हे सिद्ध होत नाही. आता चेंडू बघा."

चेंडू मी गोलच्या आत, तिच्या खांद्याशी धरायला सांगितला. पांढऱ्या चेंडूवर दोरांच्या रेघा आल्या. वर धरा, खाली धरा, पुढे घ्या, मागे घ्या. प्रत्येक वेळी रेघा. जाळीचे घर चेंडूपेक्षा लहान आहे, त्यामुळे जाळीजवळ आतल्या बाजूला चेंडू कुठेही असला तरी एखादी रेघ त्याच्यावरून जाणारच. मग मी फोटोची प्रत त्यांच्या हातात दिली. गोलकीपरवर चौकड्या आहेत, खांबामागच्या गवतावर आहेत, तिच्या हातमोज्यांवरसुद्धा आहेत. चेंडू कोरा आहे. अख्ख्या गोलमध्ये एकट्या चेंडूवर सावली पडली नाही, कारण तो गोलमध्ये नव्हता. जाळीच्या माझ्या बाजूला होता, सरळ उन्हात.

इळंगोवन सर प्रत डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाहेर धरून दाखवा. नक्की कुठं लागला होता?"

मी जागा दाखवायला निघाले. त्याच्या आधी संयुक्ता पुढे आली. दप्तर गवतावर ठेवले. आरोक्यमेरीच्या हातातून चेंडू घेतला, गोलला वळसा घालून बाहेरच्या बाजूला आली आणि चेंडू जाळीवर दाबला. खांबापासून वीतभर मागे, तिच्या स्वतःच्या छातीच्या उंचीला. जाळी आत फुगली, त्या दिवशी फुगली होती तशी. चेंडू कोरा पांढरा.

"इथं," ती म्हणाली.

आरोक्यमेरी जाळीच्या आतून तिच्याकडे बघत होती. दोघींच्या मधे चेंडू आणि जाळी. शेवटी आरोक्यमेरीच म्हणाली, "ए, दोन बोटं खाली. मी उडी मारली होती तेव्हा कोपराला घासला होता दोर." संयुक्ताने चेंडू दोन बोटे खाली घेतला.

ते बघून मला पहिल्यांदा बसावेसे वाटले. खुर्ची नव्हती, म्हणून उभी राहिले.

आरोक्यमेरीचे नाव यादीत परत घातले आहे. पत्र तिच्या हातात दिले, माझ्यासमोर. चषक कोवलमला जाईल. संयुक्ताला नव्याने चाचणीला बोलावतील, असे सर म्हणाले. ती जाईल आणि घेतली तर तिच्या पायांवर घेतली जाईल. गेल्या वेळीही गेली असती, तू थांबला असतास तर. तुझ्याविषयी समिती आणि शाळा काय ठरवतात ते मी विचारले नाही. सरांनी मला एवढे विचारले, "मॅडम, हे कुणी केलं?" मी म्हटले, "फोटोखालचं माझं नाव काढा. बाकी ज्याचं त्याला ठाऊक आहे." मी तुला वाचवले असे समजू नकोस. जे मी डोळ्यांनी बघितले नाही ते मी सांगत नाही, एवढेच.

संयुक्ता कालपासून माझ्याकडे आहे. कामाक्षीला मी फोन केला आहे, काळजी करायला नको. आज दुपारी ती टेबलाशी येऊन उभी राहिली. "आत्या, अप्पांना काय लिहितेस?" मी म्हटले, तुला वाचता येणार नाही. ती म्हणाली, "म्हणून तर विचारतेय. वाचून दाखव." मी आधीची तिन्ही पत्रे, त्यांच्या नकला माझ्याकडे आहेत, आणि हे इथवर लिहिलेले वाचून दाखवले. आवडीच्या कुंपणाचे आले तेव्हा तिने पुन्हा वाचायला लावले. "अप्पांनी कापलं?" हो, म्हटले, तुझ्या अप्पांनी कापले. मोतीबिंदूचे आले तेव्हा ती उठून गॅलरीत गेली. तो आडोसा मी तुला दिला होता. तो आता नाही.

या पत्रासोबत एक फोटो आहे. काल सगळे निघाले तेव्हा काढला. कुंपण तेच नाही, आपल्या वेळचे केव्हाच गेले, पण मैदान तेच. या वेळी आत मी होते आणि बाहेर तू. कुंपणाच्या तारेत बोटे अडकवून उभा होतास आणि संयुक्ता दप्तर उचलत होती तिकडे बघत होतास. माझे तुझ्याकडे लक्ष आहे हे तुला कळले नाही. कुंपण माझ्यापासून चार पावलांवर होते. जवळ जाऊन भिंग तारेत घातले असते तर तुझा चेहरा स्वच्छ आला असता. मी गेले नाही. तार तुझ्या कपाळावरून खाली, दोन्ही डोळ्यांच्या मधून गेली आहे. असा फोटो मी आजवर ठेवला नव्हता. हा छापून घेतला आणि मागे माझे नाव लिहिले. तो आहे तसा ठेव. त्याला बोट लावू नकोस.

मूळ चित्र अजून तुझ्याकडे आहे. समितीला ते आता नको आहे. मला हवे आहे, जाळीसकट, दोरांसकट, माझ्या सगळ्यात वाईट फोटोंपैकी एक. ते तू पाठवलेस म्हणजे मी विसरत नाही, हे निदान तू मान्य केलेस असे मी समजेन.

पहिल्या पत्रात आशीर्वाद राखून ठेवले होते. ते अजून माझ्यापाशीच आहेत.

अक्का